ड्राय बाल्कनीतून दिसणारं घर

फोनवर कुणी "मशीन बंद पडलंय" असं म्हणालं, की दादा कंपनीचं नाव शेवटी विचारतात. त्याआधीचे प्रश्न ठरलेले आहेत. कितव्या मजल्यावर राहता? पाणी कॉर्पोरेशनचं, बोअरचं की टँकरचं? मशीन घरात आहे की ड्राय बाल्कनीत? आणि कपडे कोण लावतं, तुम्ही स्वतः की कामाच्या मावशी? पलीकडचं गिऱ्हाईक वैतागतं. "अहो, मशीन फिरत नाहीये, तुम्ही माझ्या घराची चौकशी काय करताय?" दादा शांतपणे उत्तरं लिहून घेतात. पिशवीत कुठले पार्ट टाकायचे, ते या चार उत्तरांवरून बरंचसं ठरतं.

सिंहगड रस्त्याच्या एका गल्लीत त्यांचं शटरएवढं दुकान आहे. औंधच्या आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा कोर्स, मग एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी आणि नंतर स्वतःचा धंदा, असा त्यांचा सरळ रस्ता. सदाशिव पेठेत वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती, कोथरूडच्या जुन्या सोसायट्या, वाघोली-उंड्रीकडचे टॉवर, सगळीकडे ते जातात. गिऱ्हाईकं त्यांना दादा म्हणतात, आणि या लेखातही तेच नाव पुरेसं आहे. इतकी वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात आणि ड्राय बाल्कनीत गुडघे टेकून बसल्यावर त्यांचं एक मत पक्कं झालं आहे. लोक यंत्र निवडताना दुकान बघतात, ऑफर बघतात, शेजाऱ्यांकडे काय आहे ते बघतात. ज्या घरात ते पुढची दहा वर्षं चालायचं आहे, ते घर बघायचं राहून जातं.

त्यांच्या वहीतल्या तक्रारींमध्ये सगळ्यात मोठा वाटा पाण्याचा. ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनमध्ये पाणी आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह ठरावीक दाब मिळाला तरच नीट काम करतो. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत हा किमान दाब ०.३ ते ०.५ बार असा छापलेला असतो. १ बार म्हणजे साधारण १० मीटर उंच पाण्याचा दाब. म्हणजे ०.३ बारसाठी टाकीतलं पाणी नळापेक्षा ३ मीटर तरी वर हवं. पाच मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर याचा विचारही करावा लागत नाही. शेवटच्या मजल्यावर टाकी थेट डोक्यावर असते आणि हे ३ मीटर जेमतेम भरतात. त्यात पाइपाला चार वळणं आणि व्हॉल्व्हच्या जाळीत बसलेली माती, की पाणी धारेऐवजी करंगळीएवढं येतं. ठरलेल्या वेळात पाण्याची पातळी गाठली गेली नाही की मशीन थांबतं आणि स्क्रीनवर एरर दाखवतं. घरातल्यांना वाटतं, बोर्ड गेला.

अशा ठिकाणी दादा मशीन उघडायच्या आधी दहा लिटरची बादली मागतात. मशीनचा नळ बादलीत सोडतात आणि मोबाइलवर वेळ लावतात. बादली भरायला तीन मिनिटं लागली, तर स्क्रू ड्रायव्हर पिशवीतच राहतो. व्हॉल्व्हची जाळी चिमट्याने ओढून काढायची, जुन्या टूथब्रशने घासायची, पुन्हा बसवायची. तेवढ्याने भागलं नाही तर छोटा प्रेशर पंप लावायचा. आणि जिथे पाणी दिवसातून दोन तासच येतं, पिंपं भरून ठेवावी लागतात, तिथे ते आजही सेमी-ऑटोमॅटिक घ्यायला सांगतात. त्यात बादलीने पाणी ओतता येतं. दुकानातला सेल्समन हा सल्ला सहसा देत नाही, कारण त्या मशीनवर त्याला फारसं सुटत नाही.

दुसरा प्रश्न पाण्याच्या जातीचा. सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या धरणांचं पाणी मऊ असतं. पुण्याला खडकवासला साखळीतून मिळतं ते असंच. शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांमध्ये मात्र बोअर आणि टँकर यांवर दिवस काढावे लागतात, आणि जमिनीतल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. असं कठीण पाणी तापवलं की त्यातले क्षार तापलेल्या धातूवर बसतात. फ्रंट लोड मशीनमध्ये ड्रमच्या खाली साधारण २,००० वॅटचा हीटर असतो. टँकरच्या पाण्यावर दोन-तीन वर्षं चाललेलं मशीन उघडलं, की या हीटरवर जुन्या तांब्याच्या बंबात बसायचा तसा पांढुरका, खरखरीत थर दिसतो. थरामुळे उष्णता पाण्यात नीट जात नाही, हीटर आतल्या आत तापत राहतो आणि एक दिवस उडतो.

यावर दादांचा उपाय फार खर्चाचा नाही. महिन्या-दोन महिन्यांतून रिकाम्या मशीनमध्ये सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्त्व, घालून ६० अंशांवर एक फेरी चालवायची. त्यासोबत ते आणखी एक गोष्ट तपासतात, ती म्हणजे पावडरचा डबा. कठीण पाण्यात फेस कमी येतो, म्हणून घरातले पावडर वाढवत जातात. तीही पुष्कळदा हाताने धुण्याची. ती पुरती धुऊन निघत नाही, चिकट राप होऊन ड्रमच्या मागे साचते. स्टीलच्या ड्रमला मागून आधार देणारा तीन पायांचा भाग, ज्याला कारागीर 'स्पायडर' म्हणतात, तो ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असतो. हा ओला राप त्याला हळूहळू खातो. बाहेरून मशीन चकचकीत दिसतं आणि स्पिनला लागलं की विमान उडाल्यासारखा आवाज करतं.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनची जागा म्हणजे ड्राय बाल्कनी. स्वयंपाकघराला लागून तीन-चार फुटांची पट्टी, एक नळ, एक मोरीवजा कोपरा आणि वर दोऱ्या. नाव ड्राय असलं तरी जून ते सप्टेंबर ती कोरडी राहत नाही. पश्चिमेकडची बाल्कनी असेल तर पाऊस आडवा येतो आणि मशीनच्या पॅनेलवर पाणी उडतं. थंडी सुरू झाली की उबेसाठी पाली आत शिरतात. एखादी बोर्डावरून गेली की दोन टोकं जोडली जातात आणि बोर्ड जळतो. उंदरांचा मोसम पावसाळ्याचा. मशीनच्या तळाला जाळी नसेल तर वायरी कुरतडलेल्या मिळतात. दादा अशा घरात पहिल्यांदा प्लॅस्टिकच्या आच्छादनाबद्दल बोलतात, दुसऱ्यांदा तळाच्या जाळीबद्दल, आणि तिसऱ्यांदा गेले तर स्वतःच जाळी घेऊन जातात.

विजेचा घोळ वेगळा. बिल्डरने ड्राय बाल्कनीत पुष्कळदा ६ ॲम्पिअरचाच पॉइंट दिलेला असतो. २,००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ ॲम्पिअर ओढतो. तिथे १६ ॲम्पिअरचा पॉइंट आणि त्याला साजेशी जाड वायर हवी. लोक त्याऐवजी मोठ्या पिनेचं कन्व्हर्टर लावून मोकळे होतात. मग सॉकेट तपकिरी पडतं, जळका वास येतो आणि दोष मशीनला लागतो. अर्थिंगबद्दल तर दादा कुणाचं ऐकून घेत नाहीत. ओल्या हाताने मशीनला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार कुणी हसत सांगितली तरी ते अर्थिंग मिळेपर्यंत मशीन चालू करून देत नाहीत, आणि ३० मिलिॲम्पिअरची गळती झाली तरी वीज तोडणारा आरसीसीबी बसवायला सांगतात.

मशीन घरी आल्यापासून घोड्यासारखं उडतंय, ही तक्रार दिवाळीनंतर हमखास येते. फ्रंट लोड मशीनचा ड्रम वाहतुकीत हलू नये म्हणून मागच्या बाजूला लांब बोल्ट लावलेले असतात. ते काढून मगच मशीन लावायचं असतं. घाईत जोडणी उरकली गेली की बोल्ट तसेच राहतात. पाना घेऊन दहा मिनिटांचं काम. काढलेले बोल्ट दादा एका पिशवीत घालून बाईंच्या हातात देतात. "काकू, हे टाकू नका. घर बदललंत तर लागतील."

दुकानात विचारला जाणारा नेहमीचा प्रश्न असतो, किती किलोचं घेऊ? हे किलो म्हणजे कोरड्या सुती कपड्यांचं वजन, आणि तेही कॉटन प्रोग्रॅमपुरतं. सिंथेटिकच्या प्रोग्रॅमला त्याच मशीनची मर्यादा निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. ही गोष्ट पुस्तिकेत असते आणि पुस्तिका कपाटात असते. एक जीन्स पाऊण किलोच्या आसपास भरते, सुती डबल चादर जवळपास किलोभर. चौघांच्या घरात रोज कपडे लागत असतील तर सात किलो पुरतात. रविवारी आठवड्याचे एकदम लावायचे असतील तर आठ-नऊ किलो बघावं. ड्रममध्ये कपड्यांच्या वर हाताचा पंजा उभा आत जायला हवा, इतकी जागा मोकळी ठेवा, हा त्यांचा साधा हिशेब.

खरी परीक्षा घेते ती गोधडी. चार-पाच जुन्या साड्यांचे थर घालून शिवलेली गोधडी कोरडी असताना मशीनच्या क्षमतेत बसते. भिजली की तिचं वजन कितीतरी वाढतं आणि स्पिनच्या वेळी ती एका बाजूला गोळा होते. मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांनी फिरणाऱ्या ड्रमच्या एकाच बाजूला एवढं ओझं आलं की धक्का थेट बेअरिंगला बसतो. साताऱ्या-सोलापूरहून आई आली, मायेने गोधडी धुवायला टाकली आणि आठवड्याभरात मशीन घरघरायला लागलं, असे फोन थंडीच्या आधी येतातच. आता बऱ्याच नव्या मशीनचा टब कारखान्यातच जोडून बंद केलेला असतो. त्यातलं बेअरिंग सुटं बदलता येत नाही, अख्खा टब बदलावा लागतो आणि खर्च अंगावर येतो. म्हणून गोधडी बाथरूममध्ये पायाने तुडवून धुवा, हे ते निःसंकोच सांगतात. नऊवारीलाही एक युक्ती आहे: ८ मीटरचं ते लुगडं घडी करून जाळीच्या पिशवीत घालायचं, म्हणजे बाकीच्या कपड्यांना पीळ पडत नाही.

फ्रंट लोडच्या खाली कोपऱ्यात एक झाकण असतं. त्याच्या मागे पंपाचा फिल्टर. वर्षानुवर्षं मशीन वापरणाऱ्या घरांतही हे झाकण कधी उघडलेलं नसतं. दादा आधी स्वयंपाकघरातून परात मागवतात, ती झाकणाखाली सरकवतात, छोट्या नळीतून साचलेलं पाणी त्यात सोडतात आणि मग फिल्टर उलटा फिरवत बाहेर ओढतात. करडं, कुबट पाणी येतं, त्यामागून केसांचा आणि धाग्यांचा गुंता. तो ते बोटांनी उलगडतात. सेफ्टी पिना, केसांचे आकडे, शाळेच्या युनिफॉर्मचं बटण, खोडरबर, रुपया-दोन रुपयांची नाणी, ब्लाउजचा हूक, काळे मणी. सगळं धुऊन ओट्यावर ओळीने मांडतात. क्वचित चमकी सापडते आणि घरातला सूरच बदलतो. जी चोरीला गेली म्हणून कुणावर तरी संशय घेतलेला असतो, ती पंपात अडकून बसलेली असते. त्या वेळी कामाच्या मावशी तिथे असतील तर दादा चमकी आधी त्यांना दाखवतात.

स्वयंपाकघरात शिरलं की पहिला फ्रिज. गोदरेजने १९५८ साली भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली, त्या काळी तो दिवाणखान्यात ठेवायची वस्तू होती. आज पुण्याजवळ रांजणगावात व्हर्लपूल, एलजी, हायर यांचे कारखाने आहेत आणि गोदरेजचा शिरवळला. फ्रिज इतका घरचा झाला, की त्याच्याकडे कुणी पाहीनासं झालं. दादांकडे येणाऱ्या साध्या, एका दाराच्या फ्रिजांच्या तक्रारींत सुरीची तक्रार आजही ठरलेली. फ्रीझरमध्ये बर्फाचा डोंगर होतो, घाई असते, सुरीने खरवडलं जातं, पातळ ॲल्युमिनियमला भोक पडतं आणि 'स्स्स' करून गॅस निघून जातो. पूर्वी या फ्रिजांत आर-१२ गॅस असायचा. ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो जगभर हद्दपार झाला. आता बहुतेक घरगुती फ्रिजांत आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पेट घेणारा आहे, फ्रिजमध्ये दीडशे ग्रॅमपेक्षा कमीच भरतात, पण ज्याला त्याची सवय नाही अशा कारागिराने जवळ गॅसची ज्योत पेटवली तर अपघात होऊ शकतो. त्यामुळे गॅस भरायला येणाऱ्याला आधी मागच्या लेबलवर काय लिहिलंय ते वाचायला सांगा, असं दादा म्हणतात.

"कूलिंग होत नाही" या तक्रारीवर त्यांची पहिली तपासणी दहा रुपयांच्या नोटेची. नोट दारात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावायचं आणि नोट ओढायची. अलगद निसटली तर दाराचं रबर सैल झालंय. रबराच्या खाचांत सांडलेलं वरण, लोणच्याचा खार वाळलेला असतो. कोमट पाण्याने पुसलं की पुष्कळदा काम होतं. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये थंड हवा मागच्या भोकांतून फिरते. त्या भोकांवर मेथीच्या जुड्या आणि इडलीच्या पिठाचं पातेलं टेकवलं की खालचा कप्पा गरम राहतो, आणि माणूस म्हणतो कॉम्प्रेसर गेला.

फ्रॉस्ट फ्री फ्रिजच्या मागे, खालच्या बाजूला वितळलेलं पाणी जमणारा एक ट्रे असतो. तो दिसत नाही, म्हणून आठवत नाही. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघर डेंग्यूच्या अळ्या शोधत येतात तेव्हा कुंडीखालच्या ताटल्यांबरोबर हा ट्रेही तपासतात. एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतात. आठवड्यातून एकदा ट्रे रिकामा करून पुसला तर ही साखळी तुटते. फ्रिज दुरुस्त करून झाल्यावर दादा हा ट्रे ओढून घरातल्यांना दाखवतात. बहुतेकांनी तो पहिल्यांदाच पाहिलेला असतो.

मिक्सरवर दादांचं विशेष प्रेम आहे, कारण तो उघडला की सगळं समोर दिसतं. भारतीय मिक्सरच्या इतिहासात १९६३ हे वर्ष महत्त्वाचं. सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरच्या घरचा परदेशी मिक्सर इथल्या वाटणाघाटणापुढे टिकला नाही, आणि त्यातून 'सुमीत' जन्माला आला. ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, भाजलेले मसाले दळू शकेल अशी मोटर त्यात होती. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत 'सुमीत' हेच मिक्सरचं नाव होतं. आजच्या ७५० वॅटच्या मिक्सरलाही तीच कामं करायची असतात. गोडा मसाला किंवा शेंगदाण्याचा कूट करताना भांडं ठासून भरलं की मोटर तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. तळाला एक लाल बटण असतं. पाच-दहा मिनिटं थांबून ते आत दाबलं की मिक्सर पुन्हा सुरू होतो. या लाल बटणासाठी लोक रिक्षाने मिक्सर घेऊन दुकानात येतात. दादा बटण दाबून दाखवतात आणि पैसे घेत नाहीत. खरोखर झिजतात ते भांड्याखालचा कपलर, बुश आणि मोटरचे कार्बन. हे तिन्ही विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत मिळतात आणि अर्ध्या तासात बदलता येतात.

घरघंटी हे खास आपल्याकडचं यंत्र. एक हॉर्सपॉवरची, म्हणजे ७४६ वॅटची मोटर, आत फिरणारी पाती आणि पिठाचा बारीकपणा ठरवणाऱ्या जाळ्या. थालीपिठाच्या भाजणीची जाळी वेगळी, गव्हाची वेगळी. कोपऱ्यावरची गिरणी बंद पडली किंवा तिथे आपली ज्वारी दुसऱ्याच्या मक्यात मिसळते अशी शंका आली, की घरघंटी येते. ज्या घरात आठवड्याला दोन-तीनदा भाकरी होते तिथे ती चालते. बाकीच्या घरांत वर्षभरात ती कापडाखाली जाते आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे जमतात. दादा विचारतात, "काकू, भाकरी रोज का सणावारी?" उत्तर ऐकून ते घ्या किंवा राहू द्या असं सांगतात.

डिशवॉशर मराठी घरात खऱ्या अर्थाने शिरला तो २०२० च्या लॉकडाउनमध्ये. मावशी येईनाशा झाल्या आणि भांड्यांचा ढीग सगळ्यांना दिसायला लागला. नंतर मावशी परतल्या, काही डिशवॉशर तसेच उभे राहिले. जिथे तो चालला, तिथे घराने आपल्या भांड्यांकडे नव्याने पाहिलं. लोखंडी तवा त्यात गंजतो, ॲल्युमिनियमची कढई काळी पडते, पोळपाट-लाटणं चिरतं, कल्हईची पितळी भांडी तर घालायचीच नाहीत. स्टीलची ताटं-वाट्या, काचेचे पेले, कुकरची भांडी मात्र लख्ख निघतात, आणि एका फेरीला साधारण ९ ते १२ लिटर पाणी पुरतं. नळ सोडून घासण्यापेक्षा हे पुष्कळच कमी. पण पाणी कठीण असेल तर त्यात मीठ भरावं लागतं. हे मीठ आतल्या क्षार शोषणाऱ्या भागाला पुन्हा ताजं करतं. मीठ संपलं की पेल्यांवर पांढरी धुकट झाक येते. डिशवॉशर विकताना हा महिन्याचा खर्च कुणी बोलत नाही, आणि मग मीठ न भरता वापरलेला डिशवॉशर दादांच्या वाट्याला येतो.

यंत्र विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा, ही गाठ त्यांना घरोघर भेटते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं. अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. खरेदीच्या दिवशी दुकानात मात्र आरपीएम आणि वाय-फायबद्दल बोलणारा बहुधा घरातला पुरुष असतो. सदाशिव पेठेतल्या एका आजींना न्यू जर्सीतल्या मुलाने मोबाइलवरून चालणारं मशीन पाठवलं. पॅनेलवर डझनभर चिन्हं, अक्षरं बारीक. आजींना रोजचे कपडे आणि चादरी एवढंच धुवायचं होतं. दादांनी त्यांच्याच डबीतल्या तीन टिकल्या मागून घेतल्या. लाल टिकली चालू-बंदच्या बटणावर, हिरवी रोजच्या कपड्यांच्या प्रोग्रॅमवर, मोठी काळी चादरींच्या. मुलाने व्हिडिओ कॉलवर ॲप समजावून सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा आजींनी फोनच मशीनकडे वळवला आणि टिकल्या दाखवल्या.

ज्या घरात मशीन मावशी लावतात तिथे दादा बोलणं त्यांच्याशीच सुरू करतात. कुठल्या वेळी आवाज येतो, पाणी कुठून गळतं, किती पावडर घालता, याची नेमकी उत्तरं त्यांच्याकडेच असतात. मालकीणबाई ऑफिसात असतात. दार उघडं ठेवलं तर रबराला वास येत नाही, खिसे तपासूनच कपडे टाका, या सूचनाही मावशींनाच द्याव्या लागतात. ज्या घरांनी मावशींना ही दोन मिनिटं दिली, त्या घरांतून दादांना फोन कमी येतात, आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नाही.

दुरुस्ती करायची की नवं घ्यायचं, हा शेवटचा आणि नाजूक प्रश्न. दादांचा ठोकताळा असा: यंत्राचं अर्ध्याहून जास्त आयुष्य उरलं असेल आणि खर्च नव्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत असेल तर दुरुस्ती. बोर्ड गेला तर हा हिशेब कोलमडतो, कारण बोर्ड महाग असतो आणि सहा-सात वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा मिळतोच असं नाही. इथे जाहिरातीतली मोठी वॉरंटीही नीट वाचावी लागते. कॉम्प्रेसरवर किंवा मोटरवर दहा वर्षं लिहिलेलं असतं ते फक्त त्या एका भागापुरतं. गॅस, बोर्ड, मजुरी वेगळी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू केलं. काही कंपन्यांच्या पुस्तिका, सर्व्हिस सेंटरची माहिती तिथे मिळते. सुटे भाग बाहेरच्या कारागिराला सहज आणि रास्त दरात मिळाले, तर आपल्या हातून कितीतरी यंत्रं भंगारात जायची वाचतील, असं दादांचं म्हणणं आहे. आणि ती भंगारात जाणारच असतील, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवरही आहे. भंगारवाला फ्रिज नेतो तेव्हा तांब्यासाठी नळ्या कापतो आणि गॅस हवेत सोडतो. अधिकृत संकलन केंद्रात तो आधी काढून घेतला जायला हवा.

दसरा-दिवाळीच्या आधी लोक सल्ला विचारायला दुकानात येतात, तेव्हा दादा कुठल्याही कंपनीची शिफारस करत नाहीत. कागदाचा एक चिटोरा देतात आणि घरी जाऊन पाच गोष्टी लिहून आणायला सांगतात. टाकीपासून आपला मजला किती खाली, पाणी कुठलं आणि किती वेळ येतं, ड्राय बाल्कनीच्या दाराची रुंदी, सॉकेट ६ ॲम्पिअरचं की १६ चं, आणि यंत्र रोज कोण चालवणार. मग दुकानात गेल्यावर दोनच प्रश्न विचारायचे: बोर्डाची आजची किंमत किती, आणि आपल्या पिनकोडवर सर्व्हिस कोण देतं. फ्रिज घेताना ताऱ्यांच्या संख्येबरोबर लेबलवरचे वर्षाचे युनिट आणि लेबल कुठल्या वर्षीचं आहे तेही बघायचं. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होत जातात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे आणि नव्या लेबलवरचे पाच तारे सारखे नसतात. आणि बिल घेतल्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवा. आजकालची बिलं थर्मल कागदावर निघतात, त्यांची अक्षरं वर्षा-दोन वर्षांत पुसट होतात, आणि वॉरंटी मागताना कंपनीचा माणूस पहिल्यांदा बिलच विचारतो.